युसूफ मार्करचा दौरा

"म्हंजी ह्या खेळात मानूस पडत न्हाई?" तातेरावांनी विचारलं.

"न्हाई तात्या. बॉल पडतो. टेबलाच्या कोपऱ्यात पॉकेट असतं, त्यात."

"आन मानसं?"

"मानसं हुबीच राहतेत."

तातेराव बाजेवर उशाला टेकून बसले होते. शिरड शहापूरच्या शिवारात, बोअरजवळच्या लिंबाखाली त्यांची ही बाज कायमची टाकलेली. चौऱ्याहत्तर वय. गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत, आणि तालमीच्या मातीत घासून घासून दोन्ही कानांचे गड्डे झालेले. औंढ्यापासून वसमतपर्यंत कुठल्याही जत्रेत कुस्त्यांची दंगल भरली की जोडी लावायला आणि अडलेली कुस्ती सोडवायला तातेरावच लागायचे. तीस वर्षं त्यांच्या निकालावर कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

समोर प्लास्टिकच्या खुर्चीत युसूफ बसला होता, मांडीवर फाईल घेऊन. फाईलवर मोठ्या रंगीत अक्षरांत छापलेलं होतं, 'हिंगोली जिल्हा व्यावसायिक पूल दौरा'. आत नऊ पानं, त्यातली चार नुसत्या फोटोंची. ही फाईल घेऊन तो महिनाभर हिंगोलीत फिरला होता. कोचिंग क्लासच्या सरांनी चहा पाजला आणि म्हणाले, पूल म्हणजे पोरं बिघडवायचा धंदा, आमचं नाव त्यावर दिसलं तर पालक फिया परत मागतील. एका होतकरू पुढाऱ्यानं लगेच होकार दिला, फक्त त्याचा फोटो असलेला बॅनर टेबलावरच अंथरावा एवढीच अट घातली. टेबलावर बॅनर अंथरला तर खेळायचं कुठं, हे त्याला समजावता समजावता युसूफचा घसा कोरडा पडला. सोनाराच्या दुकानात तर त्याला पाच रुपये हातावर ठेवून वाटेला लावलं. शेवटी कुणीतरी म्हणालं, शिरडच्या तात्याला भेट. म्हणून तो आज इथं आला होता.

त्यानं फाईल पुढं केली. तातेरावांनी ती हातात घेतली, वजन केल्यासारखी वर-खाली केली आणि पायथ्याशी ठेवून दिली.

"कागद राहू दे. तोंडानं सांग."

युसूफनं सांगितलं. सोळा खेळाडू. त्यातले सहा आपल्या जिल्ह्यातले, बाकीचे नांदेड, परभणी, अकोला, इंदूरचे. पैसे लावून नव्हे, बक्षिसावर पोट भरणारे, धंदाच त्यांचा तो. सहा मुक्काम. हिंगोली, सेनगाव, पुसेगाव, वसमत, कळमनुरी आणि शेवटचा वारंगा फाट्याला. पुण्याच्या राज्य संघटनेनं पत्र दिलेलं आहे. सगळे मुक्काम नियमात पार पडले, प्रत्येकाचा निकाल सरळ लागला, तर पुढल्या वर्षीपासून हा दौरा संघटनेच्या कॅलेंडरात बसेल. मग बाहेरचे मोठे खेळाडू आपण होऊन येतील.

"आन आपल्या पोरांला पुन्याला जाऊन लोकाच्या फरशीवर झोपायची गरज न्हाई राहनार, तात्या."

"आन न्हाई पार पडले तर?"

"तर गल्लीत कॅरम खेळलो, असं समजायचं."

तातेराव हसले. मग दोन्ही हातांनी एक गुडघा उचलून त्यांनी दुसऱ्यावर ठेवला.

"तू मागायला चुकून राहिला, मार्कर. 'दौऱ्याला पैसे द्या' म्हनल्यावर कोन देईल बाबा? दौरा काय डोळ्यानं दिसतो का? आमी दंगलीला कधी पैसे मागत न्हाई. कुस्तीला मागतो. ही जोड अमक्याच्या नावानं. त्यानं यायचं, दोघाचे हात एकमेकाच्या हातात द्यायचे, भोंग्यावर त्याचं नाव पुकारायचं. मंग ती कुस्ती त्याची होती. आपल्या कुस्तीला मानूस आखडता हात घेत न्हाई." त्यांनी बोटं मोडली. "सोळा मानसाच्या किती जोडी हुतेत?"

"एका मुक्कामाला पंधरा. सहा मुक्कामाच्या नव्वद."

"मंग नव्वद मानसं न्हाईत का ह्या जिल्ह्यात? काहून तोंड पाडून बसला?"

आणि खरोखर, दहा दिवसांत नव्वद माणसं जमली. तातेरावांनी बाजेवर पडल्या पडल्या फोन लावले. खताचा दुकानदार, जेसीबीवाला, मिठाईवाला रामप्रसाद, पुसेगावच्या माजी सरपंच शकुंतलाबाई. यांतल्या कुणाच्याही बापजन्मी पूल खेळला गेला नव्हता. पण 'तुमच्या नावाची जोड' म्हटल्यावर कुणी नाही म्हणालं नाही. वर रामप्रसादनं विचारलं, दोन जोडी घेतल्या तर चालतील का? शेवटच्या मुक्कामातली शेवटची जोड, म्हणजे अख्ख्या दौऱ्याचा कळस, तातेरावांनी स्वतःच्या नावानं लावली.

युसूफनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा त्याची बायको अख्तरी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"कायकू इत्ता दौड रै? सत्तावीस साल दूसरों के नंबर गिने, पेट नै भरा?"

"इस के वास्तेच दौड रौं," युसूफ म्हणाला. तिनं त्याच्या ताटात अजून एक भाकरी वाढली.

युसूफला सगळा जिल्हा मार्कर म्हणतो, पण मार्कर म्हणजे काय हे जिल्ह्यात फारसं कुणाला ठाऊक नाही. संभाजीनगरात साहेब लोकांचा एक क्लब होता. तिथल्या बिलियर्डच्या खोलीत युसूफ विसाव्या वर्षी लागला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडला. मार्करनं टेबलाजवळ उभं राहायचं. बसायचं नाही, बोलायचं नाही, खेळायचं तर नावच नको. साहेबांच्या काठीला खडू लावून द्यायचा, आत गेलेला बॉल जागेवर ठेवायचा आणि प्रत्येक फटक्यानंतर दोघांचे गुण मोठ्यानं पुकारायचे. बस. सत्तावीस वर्षांत त्याच्या तोंडून खोलीत आकड्यांशिवाय दुसरं काही निघालं असेल तर ते 'जी साब'. खेळायला तो शिकला पहाटे पाच ते सहा, झाडू मारायच्या आधी, दिवा न लावता.

एकदा एका मोठ्या साहेबानं गुण दोन जास्त लावायला सांगितले होते. समोर त्याचा व्याही खेळत होता, हरायचं नव्हतं. युसूफनं ऐकू न आल्यासारखं केलं आणि होता तोच आकडा पुकारला. पुढचे सहा महिने तो क्लबच्या मागचं बॅडमिंटनचं अंगण झाडत होता. याची त्याला शरम नव्हती आणि फार अभिमान होता असंही नाही. आकडा जो आहे तो आहे, त्यात आपण काय करणार, असं त्याचं म्हणणं.

क्लबनं टेबलं बदलली तेव्हा जुनी दोन त्यानं फंडाच्या पैशात उचलली आणि हिंगोलीत, टायरच्या दुकानावरच्या माडीवर, मांडली. पैज लावणाऱ्याला जिना दाखवायचा, हा एकच नियम. बारा वर्षांत तिथं पुष्कळ पोरं शिकली आणि विसरली. दोन टिकली. एक पुसेगावच्या शिंप्याचा स्वप्निल. चुळबुळ्या, तोंडाळ, पण टेबलावर वाकला की पुतळा. दुसरा कळमनुरीकडच्या तांड्यावरचा नेमसिंग. हा उसाचे ट्रॅक्टर चालवायचा, दिवसाला चार शब्द बोलायचा आणि त्यातले दोन 'व्हय काका' असायचे.

दौरा जानेवारीत सुरू झाला, हळद काढणीच्या आधी, लोकांचे हात मोकळे असताना. काय काय सांगावं! टेंपोतून टेबल उतरवलं की युसूफ जमिनीवर आडवा पडून पाण्याच्या लेव्हलनं त्याचे पाय सरळ करायचा, तासन्‌ तास. एका पायाखाली पुठ्ठ्याचा कपटा जास्त झाला तरी याला झोप नाही. पुसेगावात शकुंतलाबाई आरतीचं ताट घेऊन आल्या. टेबलाच्या हिरव्या कापडावर हळदीकुंकू वाहणार, एवढ्यात युसूफ मध्ये झाला. "ताई, देवाचे पायच धरतेत ना? हे घ्या पाय." बाईंनी आनंदानं टेबलाच्या पायाला पूजा बांधली. वसमतला हलगीवाले आले. न बोलावता आले, जोड म्हटल्यावर हलगी लागतेच ना! अकोल्याचा खेळाडू नेम धरून वाकला की हे कडाडकन वाजवायचे. युसूफनं त्यांना चहा पाजला, भजी खाऊ घातली आणि डाव संपल्यावरच वाजवायचं ठरवून घेतलं. त्यांनी शब्द पाळला. प्रत्येक जोडीला तिचा यजमान यायचा, कडक इस्त्रीच्या कपड्यात, दोघांचे हात हातात द्यायचा, भोंग्यावर आपलं नाव ऐकायचा आणि मग काही कळत नसलं तरी शेवटपर्यंत जागचा हलायचा नाही. बाहेरगावचे खेळाडू आधी हसले. मग इंदूरचा एक जण म्हणाला, आम्हाला इतकी माणसं बघायला कुठंच येत नाहीत. त्या रात्री युसूफ अख्तरीला फोनवर हे वाक्य दोनदा ऐकवून मोकळा झाला.

पाच मुक्काम झाले, पाच निकाल पुण्याला गेले. सहाव्याला संघटनेचे निरीक्षक स्वतः आले. पन्नाशीचे, सडसडीत, कमी बोलणारे गृहस्थ. वारंगा फाट्याच्या मंगल कार्यालयात, जिथं लग्नात नवरा-नवरी उभी राहतात तिथं, टेबल मांडलेलं होतं. निरीक्षकांनी खिशातून स्वतःची लेव्हल काढली, चारी बाजूंनी लावून पाहिली आणि युसूफकडे बघून नुसती मान हलवली. युसूफला क्लबात सत्तावीस वर्षांत कुणी अशी मान हलवली नव्हती.

आणि नशीब तरी किती द्यावं! शेवटच्या जोडीला उरले ते स्वप्निल आणि नेमसिंगच. इंदूर-अकोल्याचे सगळे घरी किंवा खुर्चीत. चारशे माणसं जमली होती. हायवेवरचे ट्रकवाले गाड्या बाजूला लावून आत आले होते. दुपारी तीन वाजता तातेराव नवं धोतर, गुलाबी फेटा, हातात काठी अशा थाटात आले. त्यांनी स्वप्निलचा हात नेमसिंगच्या हातात दिला. भोंग्यावर त्यांचं नाव पुकारलं. पंच म्हणून युसूफ टेबलाशी उभा राहिला, पांढरा सदरा, काळी विजार, क्लबात घालायचा तसाच.

जो आधी नऊ डाव घेईल तो जिंकणार. एक याचा, एक त्याचा असं करत करत आठ-आठ झाले. शेवटचा डाव. टेबलावर तीनच रंगीत बॉल उरले, सात, आठ आणि नऊ नंबरचे, आणि ज्यानं त्यांना मारायचं तो पांढरा. नंबरानंच घालायचे, नऊचा जो घालेल त्याचा डाव. सातचा कडेला असा चिकटून बसला होता की तो थेट घालणं दोघांनाही धोक्याचं. चुकलं तर समोरच्याला तिन्ही मोकळे. अशा वेळी खेळाडू बॉल घालतच नाही. पांढरा बॉल हळूच नेऊन असा लपवतो की समोरच्याला नेमच धरता येऊ नये. स्वप्निलनं लपवला. नेमसिंगनं त्यातून वाट काढून परत लपवला. पुन्हा स्वप्निलनं. अशी वीस मिनिटं गेली, पंचवीस गेली. एकही बॉल पडला नाही.

"काय सुंदर चाललंय हो," निरीक्षक युसूफच्या कानाशी पुटपुटले. "असं मी पुण्यातही पाहिलं नाही."

युसूफच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. अंधारात, दिवा न लावता, तो जे एकटाच शिकला होता ते ही दोन पोरं चारशे माणसांसमोर उजेडात खेळत होती. तो इतका सुखी होता की हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली आहे हे त्याला कळलं नाही. लोकांना दिसत होतं ते एवढंच, की दोघं एकमेकांना धरून बसलेत, कुणी पडत नाही आणि कुणी पाडत नाही.

तातेराव काठी टेकत उठले. युसूफला वाटलं, म्हातारा माणूस, बाथरूमला निघाले असतील. त्यानं लोकांना हातानं वाट द्यायला सांगितलं. तातेराव सरळ टेबलापाशी आले. स्वप्निल वाकला होता, तो सरळ झाला. तातेरावांनी पांढरा बॉल उचलला, सदऱ्याच्या खिशात टाकला, काठी काखेत धरली आणि दोन्ही पोरांचे हात धरून वर केले.

"बराबरीत सोडली!" त्यांचा आवाज भोंग्याशिवाय पार बाहेरच्या हॉटेलापर्यंत गेला. "दोघंबी तोलाचे! दोघंबी आपलेच! इनाम निम्मं-निम्मं!"

हॉल उठून उभा राहिला. हलगी कडाडली. कुणी स्वप्निलला खांद्यावर घेतलं, कुणी नेमसिंगला. अडलेली कुस्ती पंचानं मानानं सोडवावी आणि कुणाच्याच गावाला खाली मान घालावी लागू नये, याच्याइतकी चांगली गोष्ट त्या चारशे जणांना ठाऊक नव्हती. शिट्ट्या, टाळ्या, नुसता कल्ला.

युसूफ टेबलापासून तीन पावलांवर होता. पंच तोच होता. 'थांबा' एवढा एक शब्द म्हणायला त्याला सवड होती, पुरेपूर होती. त्याचं तोंड उघडलंही. पण टेबलाजवळ उभं राहून आकड्याशिवाय काही बोलायची त्याच्या जिभेला सवय नव्हती, आणि तेवढ्या वेळात व्हायचं ते होऊन गेलं.

"हे काय झालं?" निरीक्षकांनी विचारलं.

"सोडवली, साहेब. आमच्याकडं कुस्ती अशी सोडवतेत."

निरीक्षक चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, असं युसूफला नंतर पुष्कळदा वाटलं. त्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "अनिर्णित अंतिम सामना मला पुढे पाठवता येत नाही. तसा रकानाच नाही. बाहेरच्या माणसानं बॉल उचलला, तर नियम सोपा आहे. तो एक डाव पुन्हा लावा. अर्ध्या तासात निकाल लागेल, आणि दौरा कॅलेंडरात. मी तसं लिहूनच आणलंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि ते जमणारच नसेल, तर विजेत्याच्या रकान्यात एक नाव मला पाहिजे. कुणाचं, ते तुम्ही आणि ती दोन मुलं ठरवा. मी चहा घेऊन येतो."

भला माणूस होता. त्याला हा दौरा व्हायला हवा होता.

युसूफ पोरांना घेऊन वधूपक्षाच्या खोलीत गेला आणि दार लोटून त्यानं सगळं सांगितलं.

"काका, मी आत्ता खेळतो," स्वप्निल म्हणाला.

"मीबी," नेमसिंग म्हणाला. मग त्यानं विचारलं, "पन तात्याला कोन सांगनार?"

बाहेर हलगी वाजतच होती.

"न्हाई तर असं करा," स्वप्निल म्हणाला, "नेमसिंगचं नाव लिवून टाका. माझी काही तक्रार न्हाई. दौरा तरी राहील."

"माझं काहून? तुझं लिवू दे. तू पुसेगावात कपडे शिवत बसशील, मला तर ट्रॅक्टर हाय."

"अरे, मी काय तुझ्या दयेवर—"

"चूप," युसूफ म्हणाला. "जे झालं न्हाई ते माझ्या हातानं लिवनं होनार न्हाई. कुनाचंबी नाव लिवायचं न्हाई. पुन्हा लावू. मी सांगतो तात्याला. मी भोंग्यावरून सांगतो."

तो बाहेर आला तेव्हा असंच ठरवून आला होता. माईक त्यानं हातात घेतला. वाक्यही जुळवलं होतं, सरळ, साधं: मंडळी, तात्यांकडून नजरचूक झाली, शेवटचा डाव पुन्हा होईल. सात-आठ शब्दांचं तर काम.

समोर तातेराव खुर्चीत बसले होते. माणसं रांगेनं येऊन त्यांच्या पाया पडत होती. जेसीबीवाला कुणाला तरी सांगत होता की, तात्यानं कशी ऐन वेळेला सोडवली, दुसरा कुणी असता तर पोरं हमरीतुमरीवर आली असती. शकुंतलाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. तातेरावांचा चेहरा तर असा फुलला होता की गुडघे दुखतात हे विसरून ते बसल्या जागी पाय हलवत होते. याच माणसानं फाईल न उघडता नव्वद जणांना फोन केले होते. सोनारानं पाच रुपये हातावर ठेवल्यानंतर याच माणसानं 'काहून तोंड पाडून बसला' म्हणून विचारलं होतं. आता भर मंडपात, त्याच्याच पाहुण्यांसमोर, त्याच्याच नावाच्या जोडीत त्याला म्हणायचं, की तुम्ही चुकलात. तीस वर्षांत जे कुणी म्हटलं नाही ते.

आणि नाही म्हटलं तर पुण्याचा कागद गेला. स्वप्निल-नेमसिंग पुन्हा लोकांच्या फरशीवर. आणि त्याची स्वतःची सत्तावीस वर्षं होती तिथंच. हेही त्याला त्या क्षणी लख्ख दिसत होतं. दिसत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

निरीक्षक दारात चहाचा कागदी कप घेऊन उभे होते. युसूफनं माईक तोंडाजवळ नेला. घसा खाकरला.

"आठ," तो म्हणाला. "आठ."

आवाज अगदी क्लबातला, सपाट आणि स्वच्छ. माणसांना वाटलं, मार्करनं बरोबरीचा निकाल रीतसर जाहीर केला. पुन्हा एकदा टाळ्यांचा कडकडाट झाला. तातेरावांनी काठी वर करून त्याला शाबासकी दिली.

विजेत्याचा रकाना कोरा ठेवून युसूफनं कागदावर सही केली. निरीक्षकांनी तो घडी करून पाकिटात घातला. ते काही बोलतील असं वाटत होतं. "टेबल उत्तम लावलं होतंत तुम्ही," एवढंच ते म्हणाले. मग पुढच्या वर्षी बघू, असंही म्हणाले, आणि त्याचा अर्थ दोघांनाही कळला. साडेपाचला फाट्यावर नांदेडची गाडी आली. युसूफनं त्यांची बॅग आत चढवून दिली.

दिवेलागणीला हॉल रिकामा झाला. खुर्च्या एकात एक बसवून भिंतीला लावल्या गेल्या. तातेरावांची जीप यायची होती, म्हणून ते टेबलापाशी खुर्ची ओढून बसले होते. खिसा चाचपून त्यांनी पांढरा बॉल बाहेर काढला.

"घे, तुझी गोटी माझ्याकडंच राहिली. साहेब खूश झाला ना रे?"

"झाला, तात्या."

"मंग पुढल्या साली ह्याच्या दुप्पट करू. आत्ताच शंभर जन माझ्या मागं लागलेत, आमच्या नावाची जोड लावा म्हनून. तू फकस्त टेबल सांभाळ."

"व्हय, तात्या."

तातेरावांनी टेबलाच्या कापडावरून हात फिरवला. मग जरा लाजत म्हणाले, "एकडाव मला तर दाव. एवढा दौरा भरवला, आन ही खेळायची काठी हातात धरली न्हाई कधी."

युसूफनं त्यांना उठवलं, काठी हातात दिली. डाव्या हाताची बोटं कशी रोवायची ते दाखवलं. त्या जाडजूड बोटांमधून काठी नीट सरकेना, तेव्हा त्यानंच ती एकेक करून लावून दिली. समोर एकच बॉल ठेवला, निळा. तातेराव वाकले, कण्हले, एक डोळा मिटला आणि काठी हाणली. निळा जागचा हलला नाही. पांढरा मात्र कडेला आपटला, फिरला आणि सावकाश पॉकेटात जाऊन पडला.

"गेली की रे!" तातेराव लहान पोरासारखे हसले.

"फाउल," युसूफ म्हणाला. सवयीनं निघून गेलं.

"म्हंजी काय?"

"म्हंजी..." युसूफ अडखळला. "चूक, तात्या. पांढरा आत घालायचा नसतो."

तातेरावांनी त्याच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले.

"असं व्हय. बरं केलं सांगितलं. मला कुनी सांगतच न्हाई बघ. तीस वर्सं झाली, कुनी म्हनलं न्हाई की तात्या, इथं चुकलं. मी काय कुनाला खातो का रे?" आणि ते पुन्हा टेबलावर वाकले. "चुकलं तर चुकलं. लाव पुन्हा."

नांदेडची गाडी जाऊन तास होऊन गेला होता. युसूफनं पॉकेटात हात घालून पांढरा बॉल बाहेर काढला, सदऱ्याला पुसला आणि तातेरावांपुढं ठेवला.